यकृत आणि पित्ताशयासाठी आहार: सुरुवात कुठून करावी, आणि घाई का करू नये

मराठीत ‘पित्त झालं’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बोलणं जठरातल्या आम्लाबद्दल असतं. छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात, त्याचा पित्ताशयाशी फारसा संबंध नसतो. पित्ताशय ही यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली छोटी पिशवी आहे. पित्तरस तयार करतं यकृत, पिशवी तो फक्त साठवते आणि आटवून घट्ट करते. यकृत दिवसाला साधारण ५०० ते १००० मिली पित्तरस बनवतं, आणि पिशवीत मावतो जेमतेम ३० ते ५० मिली. जेवणातली चरबी आणि प्रथिनं लहान आतड्यात पोहोचली की तिथून एक संप्रेरक सुटतं, पिशवी आवळते आणि रस आतड्यात ओतला जातो.

हे आधी समजून घ्यायचं कारण असं की या दोन अवयवांच्या अडचणी वेगळ्या आहेत, पण रस एकच आहे. यकृताला त्रास होतो तो जास्त खाण्याचा, विशेषतः साखरेचा आणि मद्याचा. पित्ताशयाला त्रास होतो तो जास्त वजनाचा, आणि तितकाच अचानक उपाशी राहण्याचाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी साठली आहे, असं लिहून आलं की माणूस घाबरून एका महिन्यात सात-आठ किलो वजन उतरवतो, तेल पूर्ण बंद करतो, आणि पुढच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसतात. हे टाळता येतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: आपण कुठे आहोत ते पाहा

एकच तक्ता सगळ्यांना लागू पडत नाही. यकृतात चरबी साठली आहे पण बाकी त्रास नाही, पित्ताशयात खडे आहेत पण दुखत नाही, खडे आहेत आणि दुखतं, पित्ताशय काढलेलं आहे, किंवा यकृत आकसून कठीण झालं आहे म्हणजे सिरॉसिस आहे. या पाच जणांचं पथ्य वेगवेगळं. शेवटच्याचं तर जवळजवळ उलटं असतं, त्याबद्दल पुढे.

एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारी रक्ततपासणी, तिचा आकडा नॉर्मल आला म्हणून यकृत ठीक आहे असं समजू नका. चरबी साठलेल्या बऱ्याच जणांचा हा आकडा नॉर्मलच असतो. साध्या सोनोग्राफीलाही थोडी चरबी दिसत नाही, ती बरीच साठल्यावर दिसते. म्हणून वजन, कमरेचा घेर, रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) हे सगळे आकडे एकत्र पाहायला डॉक्टरांना सांगा. वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखीच रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार गोष्टींवरून ‘फिब-४’ नावाचा एक अंक काढतात. यकृतावर व्रण, म्हणजे जुन्या जखमेसारखे कठीण चट्टे, पडण्याची शक्यता किती, याचा पहिला अंदाज त्यातून येतो आणि त्यासाठी वेगळी महागडी तपासणी लागत नाही.

पायरी २: पहिले दोन आठवडे फक्त पिण्यातली साखर

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. पहिल्या पंधरा दिवसांत एकच काम: जे पितो त्यातली साखर काढायची. याचा फायदा सगळ्यात जास्त आणि त्रास सगळ्यात कमी.

साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीरात वापरलं जातं. फ्रुक्टोजची बरीचशी वासलात मात्र यकृतालाच लावावी लागते, आणि गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी बनवतं. खाल्लेल्या तेलातूनच यकृतात चरबी जाते हा समज अर्धवट आहे. तेल न खाताही यकृतात चरबी साठू शकते.

आता हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचा रस यांतली मिळून साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, म्हणजे लहान सपाट चमचे सहा. दिवसात तीन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, की हा कोटा संपला. ३३० मिलीच्या कोलाच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका डब्यातच कोटा ओलांडला जातो.

फळांच्या रसाबद्दल लोक हटकून वाद घालतात, म्हणून स्पष्ट सांगतो. एक ग्लास संत्र्याचा रस काढायला तीन-चार संत्री लागतात. रसात साखर सगळी उतरते, चोथा मागे राहतो, आणि ग्लास अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. तीच तीन-चार संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यालाच पोट भरतं. फळं खा, दिवसाला दोन-तीन. रस पिऊ नका, घरी काढलेलाही नाही.

चहा-कॉफीतली साखर दर तीन-चार दिवसांनी अर्ध्या चमच्याने कमी करा. एकदम बंद केली तर चव फिक्की लागते आणि आठवड्यात माणूस परत मूळ पदावर येतो. साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला तर यकृताच्या दृष्टीने काहीच बदलत नाही.

पायरी ३: तेल मोजा, बंद करू नका

बाटलीतून कढईत धार सोडली तर किती तेल गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, सुमारे १२० कॅलरी. दोन धारा जास्त पडल्या की तितक्या कॅलरी सहज वाढतात.

बाटलीवर तारीख लिहा. माणशी दिवसाला २० मिली धरलं, म्हणजे चार लहान चमचे, तर चार माणसांच्या घरात महिन्याला २ लिटर ४०० मिली तेल लागायला हवं. प्रत्यक्षात चार लिटर संपत असेल तर आकडा समोरच आहे. मग रोज सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत काढून ठेवा आणि त्यातूनच वापरा. स्वयंपाक करणाऱ्याला सतत टोकण्यापेक्षा ही वाटी जास्त काम करते.

लोणी, मलई, चरबीयुक्त मांस यांतली संपृक्त चरबी कमी करून तिची जागा वनस्पती तेलं, अक्रोड-बदाम आणि मासे यांना द्या. संपृक्त चरबी यकृतात जास्त साठते. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

पण शून्यावर जाऊ नका. जेवणात चरबीच आली नाही तर पिशवी नीट आवळत नाही, रस तसाच पडून राहतो, आणखी घट्ट होतो, आणि त्यातल्या कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक बनू लागतात. वजन उतरवत असताना रोज निदान एका जेवणात ७ ते १० ग्रॅम चरबी असावी. म्हणजे दोन लहान चमचे तेल, किंवा पंधराएक बदाम. (ज्यांना खड्यांमुळे दुखतं त्यांना हे लागू नाही, त्यांनी पायरी ७ पाहावी.)

पायरी ४: जेवणाच्या वेळा

रात्रभर पिशवीत रस साठत आणि आटत असतो. सकाळी काही खाल्लं की ती रिकामी होते. सकाळचं खाणं टाळून थेट दुपारी जेवलं तर हाच रस सोळा-सतरा तास पडून राहतो. म्हणून ज्यांच्या घरात पित्तखड्यांचा इतिहास आहे, ज्यांचं वजन जास्त आहे किंवा जे वजन उतरवत आहेत, त्यांनी लांबलचक उपवासाचे प्रयोग टाळलेले बरे. दिवसातून तीन ठरलेली जेवणं, रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, एवढं पुरतं. मधे मधे चरत राहायची गरज नाही.

पायरी ५: ताट

अर्धं ताट भाज्या, पाव ताट धान्य, पाव ताट प्रथिनं. बटाटा भाजीच्या बाजूला नाही, धान्याच्या बाजूला मोजायचा. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात.

तंतूंचं (फायबरचं) लक्ष्य दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. ऐकायला कमी वाटतं, गाठायला अवघड आहे. शिजवलेली मसूर १०० ग्रॅम घेतली तर सुमारे ८ ग्रॅम, सालासकट मध्यम सफरचंद ४ ग्रॅम, ४० ग्रॅम कोरडे ओट्स ४ ग्रॅम, ३० ग्रॅम बदाम साडेतीन ग्रॅम. एवढं सगळं धरूनही २० च्या आसपासच येतो, उरलेले भाज्यांतून आणि अखंड धान्यातून आणावे लागतात. पित्तात चरबी पचवायला मदत करणारे क्षार असतात, यकृत ते कोलेस्टेरॉलपासून बनवतं. त्यातले ९० टक्क्यांहून जास्त क्षार लहान आतड्याच्या टोकाशी पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परततात. ओट्स, जव, डाळी, सफरचंद यांतले विरघळणारे तंतू यातले काही क्षार धरून शौचावाटे बाहेर नेतात. मग यकृताला नवे क्षार बनवायला कोलेस्टेरॉल खर्च करावं लागतं. एका साध्या वाटीभर डाळीने दोन्ही अवयवांचं काम होतं ते असं.

तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं, वायू होतो, आणि दोष डाळीला जातो. दर आठवड्याला पाचेक ग्रॅमने वाढवा आणि बरोबर पाणीही वाढवा.

प्रथिनं सोडू नका. डाळी, कडधान्यं, दही, मासे, अंडी, कातडी काढलेलं कोंबडीचं मांस, जे चालतं ते. यकृतासाठी अंड्यातला पिवळा बलक टाकून देण्याची पद्धत आहे. पण यकृतातली चरबी बाहेर पाठवायला लागणारं कोलीन त्याच बलकात असतं, एका अंड्यात साधारण १५० मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाला एक अख्खं अंडं खायला हरकत नाही.

पाकीटबंद पदार्थ घेताना घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत साखर, ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा फळांच्या रसाचा अर्क दिसला तर परत ठेवा. ‘लो फॅट’ लिहिलेल्या दह्यात चवीसाठी साखर वाढवलेली असते असं अनेकदा आढळतं.

आणि एक बाब जिच्याकडे फार कमी लक्ष जातं: बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतं आणि भाजून किंवा शिजवून पूर्ण नष्ट होत नाही. सुरकुतलेला, काळपट, कडू लागणारा दाणा थुंकून टाका. बुरशी आलेली पिशवी निवडत बसू नका, सगळी फेका.

पायरी ६: वजनाचा वेग

यकृतातली चरबी हटायला वजन खूप उतरावं लागत नाही. ३ ते ५ टक्के उतरलं की चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांवर सूज कमी होते, आणि १० टक्क्यांवर गेल्यास व्रणही सुधारण्याची चांगली शक्यता असते. ८० किलो वजनाच्या माणसाला याचा अर्थ ४ किलो, मग साडेपाच, मग ८ किलो.

आठवड्याला अर्धा किलो हा वेग धरला तर ८ किलोला सोळा आठवडे लागतात. हा वेग कंटाळवाणा वाटतो, पण पित्ताशयाला तोच झेपतो. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरू लागलं की खड्यांचा धोका वाढतो. अंगातली चरबी वितळते तेव्हा तिच्यातलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं, आणि त्याच वेळी कमी खाण्यामुळे पिशवी नीट रिकामी होत नसते. दोन्ही बाजूंनी कोंडी. दिवसाला ८०० कॅलरींच्या आतले आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करूच नयेत. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना याच कारणासाठी काही महिने उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या, म्हणजे खडे होऊ नयेत म्हणूनच्या, गोळ्या देतात.

आठवड्याला १५० मिनिटं झपझप चाला. वजनकाटा हलला नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते, म्हणून काटा अडला तरी चालणं सोडू नका.

कॉफीबद्दल एक चांगली बातमी: दिवसाला दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृतावरचे व्रण आणि पित्तखडे दोन्ही कमी आढळतात. गाळणकागदातून गाळलेली, साखर न घातलेली कॉफी उत्तम. ज्यांना कॉफी सोसत नाही त्यांनी मुद्दाम सुरू करू नये. मद्याला यकृतासाठी सुरक्षित असं प्रमाण नाही. चरबी साठलेल्या यकृतावर मद्य पडलं की दोन्ही कारणं एकमेकांना बळ देतात. रोज पिणाऱ्याने मात्र एका रात्रीत थांबू नये, आधी डॉक्टरांना भेटावं. अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात.

‘यकृत स्वच्छ करणारे’ उपाय

ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि एप्सम सॉल्ट रात्री प्यायचं, सकाळी शौचातून हिरवे खडे पडतात, हा उपाय सतत फिरत असतो. खडे खरोखर दिसतात, म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असेच खडे तपासल्याची नोंद आली. ४० अंश सेल्सिअसवर ठेवल्यावर दहा मिनिटांत ते वितळून हिरवट तेलकट द्रव झाला. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन हे पित्तातलं रंगद्रव्य नव्हतं, कॅल्शियम नव्हतं. तीन चतुर्थांश मेदाम्लं, म्हणजे तेलाचेच घटक, होती. म्हणजे प्यायलेल्या तेलाचा पोटात साबण झाला होता. खरा पित्तखडा असा वितळत नाही. एवढं तेल एकदम पोटात गेलं की पिशवी जोरात आवळते, आणि आत खरे खडे असतील तर एखादा नळीत अडकू शकतो. हा उपाय करू नका.

‘नैसर्गिक’ गोळ्यांबाबतही तितकीच काळजी हवी. स्वयंपाकात चिमूटभर हळद घालणं वेगळं आणि मिरीच्या अर्कासोबत दिलेली हळदीच्या अर्काची कॅप्सूल वेगळी. हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, कावा नावाची परदेशी वनस्पती, अश्वगंधा यांच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृत सुधारायला घेतलेल्या गोळीनेच कावीळ व्हावी, याहून वाईट काय! अ जीवनसत्त्वाचे मोठे डोसही यकृतात साठून इजा करतात.

पायरी ७: ज्यांचं पथ्य वेगळं

खडे आहेत पण दुखत नाही: बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. वरच्याच पायऱ्या पाळा. आहाराने झालेले खडे विरघळत नाहीत, नवे होण्याचा धोका कमी होतो एवढंच.

खडे आहेत आणि दुखतं: जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी कळ येते, कधी उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जाते, अर्धा तास ते काही तास टिकते. शल्यचिकित्सकाला भेटेपर्यंत तळलेलं, मलई, लोणी, चीज बंद. एका जेवणात सगळी चरबी घेऊ नका, थोडी थोडी विभागून घ्या. कळ थांबली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही.

पित्ताशय काढलं आहे: पित्तरस आता साठत नाही, सतत आतड्यात झिरपत राहतो. पहिले काही आठवडे जेवण लहान आणि कमी चरबीचं ठेवा, मग हळूहळू वाढवा. आयुष्यभर बिनतेलाचं खाण्याची गरज नसते. जेवणानंतर लगेच पातळ शौचाला होत असेल तर ओट्ससारखे विरघळणारे तंतू वाढवून पाहा. तरी थांबलं नाही तर त्यावर औषध आहे, वर्षानुवर्षं सोसत बसू नका.

सिरॉसिस: इथे उपाशी राहणं घातक. यकृतात साखरेचा साठा राहत नाही, म्हणून काही तासांच्या उपवासातच शरीर स्नायू मोडायला लागतं. प्रथिनं दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. झोपण्याआधी निदान ५० ग्रॅम कर्बोदकं असलेलं काही खायचंच. भ्रम होतो म्हणून प्रथिनं बंद करण्याचा जुना सल्ला आता देत नाहीत. पोटात पाणी झालं असेल तर मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास, एक सपाट लहान चमचा, आणि त्यात पापड-लोणची-पाकिटांतलं मीठही धरायचं. कच्चे शिंपले वगैरे अजिबात नको, त्यातल्या जिवाणूंचा संसर्ग अशा रुग्णाच्या जिवावर बेततो.

तपासणी पुन्हा कधी, आणि धावपळ कधी

वजन, कंबर आणि रक्ताचे आकडे तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. महिन्याला सोनोग्राफी करून काही कळत नाही.

काही वेळा मात्र आहार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं: कळ पाच तासांपेक्षा जास्त टिकली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढरट झालं, उलटीतून रक्त पडलं, शौच डांबरासारखं काळं झालं, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला. निघताना काही खाऊ-पिऊ घालू नका, लगेच शस्त्रक्रिया लागू शकते. आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, कॅप्सूलच्या बाटल्या एका पिशवीत भरून सोबत न्या.